मस्तानभाईंची ओली रेती

मस्तानभाई गिऱ्हाईकाला आधी ओल्या रेतीच्या गोणीवर बसवत आणि मग चहा मागवत. कोठी भागातल्या एका गल्लीत त्यांचं मोटरसायकलच्या सीटा शिवायचं दुकान होतं. रेक्झिनची तयार सीट मागितली की ते समोरच्या दुकानाकडे बोट दाखवत. यांच्याकडे फक्त चामड्याची, आणि तीही माणूस बघून. रेतीत उमटलेल्या ठशावरून ते आतला फोम कापत, पण ठसा लगेच घेत नसत. "पहिले आधा घंटा आदमी झूठ बैठता," असं त्यांचं ठाम मत होतं.

मी जन्मभर कोर्टात पेशकार, न्यायाधीशांपुढे खटल्यांचे कागद ठेवणारा. ताठ बसायची इतकी सवय, की घरी जेवतानाही मी साक्षीला बसल्यासारखा दिसतो, असं माझी बायको सुनंदा म्हणते. निवृत्त झाल्यावर काचीगुड्याच्या चौकात आमची मोटरसायकल घसरली. मागे बसलेल्या सुनंदाला खरचटलंसुद्धा नाही, माझा डावा गुडघा मात्र कायमचा रुसला. पुतण्याने त्याच गाडीला मागे दोन चाकं बसवून तिची तीनचाकी करून दिली. तोल सांभाळायची कटकट संपली, पण सुनंदा काही माझ्यामागे बसेना. लग्नकार्याला निघालो की पुढे मी तीनचाकीवर आणि मागून ती ऑटोत, अशी आमची वरात निघे. लोक हसत, मीही हसे. पण चाळीस वर्षं खांद्यावर असलेला हात नाहीसा झाला, हे मला फार लागत होतं.

जुन्या सीटवर गुडघा आखडायचा म्हणून मी मस्तानभाईंकडे गेलो. त्यांनी गाडीला दोन फेऱ्या मारल्या आणि मागची जागा वितीने मापली.

"बेगम किधर?"

"घर में. वो पीछे नहीं बैठते," मी म्हणालो.

"दो की सीट मैं एक के नाप से नईं बनाता, पेशकारसाब. लेके आओ."

दोन दिवस विनवण्या केल्यावर सुनंदा आली. अर्थातच ऑटोने. "अहो, मी माप द्यायला आलेय, बसायला नाही," हे तिने उतरतानाच स्पष्ट केलं. मस्तानभाईंनी जुनी सीट काढून तिच्या जागी दोन गोण्या बांधल्या होत्या आणि गाडी हलू नये म्हणून चाकांना विटा लावल्या होत्या. पुढे मी, मागे ती. येणारेजाणारे बघत होते. अर्धा तास झाला तरी मी न्यायाधीश समोर असल्यासारखा ताठ, आणि ती पर्स छातीशी धरून, निम्मी गोणीवर आणि निम्मी हवेत. चहाचा दुसरा कपही संपला. मस्तानभाई खडू हातात घेऊन भलतीकडेच बघत होते.

मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "बेगमसाब, वो तुम लोगां होली को पूरनपोली बनाते ना, उसमें प्याज कब डालते?"

"प्याज?" सुनंदा पुढे सरसावली. "पूरनपोली में प्याज कायकू? चने की दाल रहती, गुड रहता, इलायची रहती..."

डाळ शिजली, पुरण वाटून झालं, पोळी तव्यावर पडली. हातवारे करता करता तिचा एक हात माझ्या खांद्यावर टेकला, आणि त्या हाताखाली माझी पाठ कधी सैल झाली ते मला कळलंच नाही.

"बस. हिलो नक्को," मस्तानभाई खडूच्या खुणा करत म्हणाले. "अब बैठे तुम."

हा गृहस्थ दर होळीला दुकानाशेजारच्या जोश्यांकडे पुरणपोळ्या चापतो, हे मला पुढे कळलं.

आठ दिवसांनी सीट तयार झाली. गुडघा पसरता यावा म्हणून पुढची डावी कड उतरती होती. मागची बैठक चार बोटं उंच होती, तिथे बसलेल्याचा हात आपोआप पुढच्याच्या खांद्यावर यावा इतकी. सुनंदाने टाक्यांवरून बोट फिरवलं. तिचा ऑटोवाला खोळंबला होता. त्याला ती म्हणाली, "तुम जाओ." मग मला म्हणाली, "सुलतान बाजारपर्यंतच हं." सुलतान बाजार मागे पडला तरी मी गाडी तशीच पुढे घेतली. हात काचीगुड्यापर्यंत खांद्यावर होता.

गेल्या वर्षी मस्तानभाई गेले. आम्ही दोघं तीनचाकीवरूनच त्यांच्या घरी गेलो. सुनंदा आत बायकांमध्ये जाऊन बसली. बाहेर सगळे सतरंजीवर होते, माझ्या गुडघ्यामुळे मला तेवढी खुर्ची मिळाली. मी कोर्टातल्यासारखा ताठ बसलो आणि अशा वेळी बोलतात ते सगळं बोललो. दुकानात त्यांच्या हाताखाली शिवणारा त्यांचा मुलगा हनीफ समोर बसला होता. मग चहा आला. कप तोंडाशी नेला आणि पुरणपोळीतला तो कांदा आठवून मला हसू फुटलं. हसता हसता खांदे पडले, पाठ खुर्चीला टेकली आणि मी सगळ्यांच्या देखत रडायला लागलो.

हनीफने माझ्या हातातला कप काढून घेतला.

"अब बैठे तुम," तो म्हणाला.