पोटाले हलकं, वजनाले हलकं

सुमनकाकू जिन्यात मधेच बसल्या. वर जाववेना, खाली उतरवेना. मी गॅस बंद करून धावले. त्यांचा हात थंडगार लागला.

अकोल्याच्या जुन्या शहरात मी या काका-काकूंकडे स्वयंपाक करते. काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन वजनापायी अडलं होतं. म्हणून डॉक्टर मॅडमनी आठवड्यातून एकदा पोटावर घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलं. त्यानं भूक कमी लागते. सोबत चालायला सांगितलं आणि हलकं जेवायला.

हलकं म्हणजे आमच्याकडे आजाऱ्याचं जेवण. मऊ भात, साबुदाण्याची पेज, मुरमुरे. काकूंनी तेच सांगितलं, मी तेच केलं. दोन घासांत त्या ताट सरकवायच्या. वजन उतरत होतं, म्हणून आम्ही दोघी खुश. चालणं मात्र फाटकापर्यंतच उरलं.

जिन्यात असं बसावं लागलं, तेव्हा त्या मला सोबत घेऊन दवाखान्यात गेल्या. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही. पण मॅडमनी रांधण्याचं विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "मी तेल-साखर कमी करा म्हटलं होतं, आजाऱ्याचं खा नाही. चरबीसोबत ताकदही उतरून राहिली यांची. असंच राहिलं तर इंजेक्शन बंद करावं लागेल."

मग त्यांनी समजावलं, खाणं थोडं झालं, तर त्या थोड्यात प्रोटीन हवं. म्हणजे डाळ, दही, अंडी. आणि रोज खुर्चीवरून उठ-बस.

रिक्षात काकू रडकुंडीला आल्या. "अंडं तं मले चालत नाही, शोभा. इंजेक्शन बंद झालं तं ऑपरेशनही गेलं."

"डाळ चालते ना? मंग जेवणाचं माह्यावर सोडा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून ताटात आधी घट्ट वरण, मग बाकीचं. मुगाची धिरडी, सायीशिवायचं दही. बेसनाच्या पातोड्या वाफवल्या, पण रश्शावर तेलाची लाल तर्री नाही. काकांनी वाटीत डोकावून पाहिलं.

"शोभा, यात पातोडी पोहून राहिली का?"

मी त्यांची तर्री वेगळी काढून दिली. काकांनी ती सगळी वाटीत ओतून घेतली. रोज स्वयंपाक होईपर्यंत ओट्याजवळच्या खुर्चीवर काकूंची उठ-बस चालायची. सुरुवातीला ओटा धरून, नंतर हात न लावता.

ऑपरेशनची तारीख मिळाली, त्या दिवशी काकू कठडा धरून जिना चढल्या. मधे बसल्या नाहीत.

आता कोणत्याही घरी हलकं कर म्हटलं, की मी लाजत नाही. आधी विचारते, पोटाले की वजनाले?