सुगंधाचं नॉर्मल हृदय

माझी थोरली जाऊ सुगंधा आणि तिचा मुलगा बाबली, दोघांचा ईसीजी एकाच दिवशी, एकाच टेबलावर, एकाच मशीनवर निघाला. पुढे जे झालं ते ऐकून गावात बहुतेकांनी एकच तर्क लढवला, की कागदांची अदलाबदल झाली असणार. तशी झाली असती तर कुणाला तरी चार शब्द सुनावून मी मोकळी झाले असते. कागद ज्याचे त्याचेच होते. म्हणून तर हे सांगताना जीव दमतो.

तारकर्लीला आमची दोन घरं एकाच अंगणात, चुली वेगळ्या. मी अंगणवाडीत मदतनीस. भावोजी गेल्यापासून सुगंधा रोज मासळीची पाटी घेऊन मालवणच्या बाजारात बसते. बाई अंगाने भरलेली. भरलेली म्हणजे चांगलीच, खोटं कशाला बोलू. आणि बाबली म्हणजे नुसती काडी. विशीचा पोरगा, पण शर्ट काढला की बरगड्या मोजून घ्याव्यात. दोघं मायलेक बरोबर चालली की लोक म्हणायचे, "आवशीन सगळा खाल्ल्यान, झिलाक काय ठेवलाच नाय." सुगंधाही त्यांच्याबरोबर हसायची. मला त्या हसण्याची भारी चीड यायची, पण ती स्वतःच हसल्यावर मी कुणाच्या तोंडाला लागणार?

डॉक्टरांचंही तेच. तिचा गुडघा दुखला, वजन कमी करा. डोकं दुखलं, वजन कमी करा. एकदा बोटात शिंगाळा माशाचा काटा घुसून हात टम्म फुगला, तर मलमपट्टी करता करता तो डॉक्टर म्हणतो, वजनाकडे लक्ष द्या. काट्याला काय वजन विचारून घुसायचं असतं? तेव्हापासून तिने दुखणी सांगायचंच सोडलं. दोनेक वर्षांपासून तिला धाप लागायची. बाजारातून येताना वडाच्या पारावर टेकायची, मग पुढे. मी विचारलं की म्हणायची, "जाडा माणूस धापतलाच गो. त्यात नवीन काय?"

गेल्या दिवाळीनंतर शाळेत तपासणीचं शिबिर लागलं. बायकांसाठी वर्गात साडीचा पडदा लावला होता. बाहेरून आलेला तरुण डॉक्टर, सकाळपासून माणसं बघून बघून बिचारा आंबून गेलेला. मशीनमध्ये वय घालायचं, बाई की पुरुष ते घालायचं, छातीवर चकत्या चिकटवायच्या, की रेघांचा कागद बाहेर येतो आणि खाली निकालही छापलेला असतो. बाबलीच्या कागदावरच्या रेघा माडासारख्या उंच. निकाल आला की हृदयाची भिंत जाड झालेली असू शकते. डॉक्टर म्हणाला, "एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. तोपर्यंत जड काम बंद." सुगंधाच्या रेघा बारीक, बेताच्या. खाली छापलं होतं, नॉर्मल. बीपी थोडं जास्त भरलं, तर त्यावर मीठ कमी करा आणि, सांगायलाच नको, वजन कमी करा.

घरी येईपर्यंत बाबली आजारी झाला होता. सकाळी सायकल हाणत गेलेला पोरगा परत येताना छातीवर हात ठेवून चालत होता. सुगंधाने त्याला बाजल्यावर बसवलं, पंखा लावला आणि पेज दिली. एको काढणारे डॉक्टर कुडाळच्या दवाखान्यात महिन्यातून एकदाच यायचे, आणि त्या महिन्यातला दिवस होऊन गेला होता. म्हणजे वाट बघणं आलं.

आता रापणीचं सांगायला हवं. आमच्या किनाऱ्यावर मोठं जाळं होडीने समुद्रात वळसा घालून टाकतात आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या सगळ्या घरांची माणसं मिळून वाळूवरून ओढतात. ज्या घराचा हात दोरीला, त्या घराला मासळीचा वाटा. माणूस आजारी असला तर त्याच्या जागी घरातलं दुसरं कुणीतरी उभं राहतं. भावोजींनंतर ती जागा बाबलीची होती. तो घरी बसला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सुगंधा पदर खोचून वाळूत उतरली.

रापणीचा म्होरक्या महादू चांगला माणूस. तो म्हणाला, "वैनी, तुका जमतला?"

"कित्याक नाय जमतला? माझ्या हार्टात काय खोट नाय. मशीनीन लिवन दिल्यान हां," सुगंधा म्हणाली. सगळे हसले, आणि तिने दोरी कमरेला घेतली.

मी तिला अडवलं नाही असं नाही. संध्याकाळी ती अंगणात आली की उंबऱ्यावर बसून राहायची, तोंडाने श्वास ओढत. पायांवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. मी तोंड वाजवायचे, ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "शर्मिला, तुझो झील असतो तर तू काय केला असतंस?" शेवटी मीही हात टेकले. अंगणवाडीतली पोरं सांभाळून घरी आल्यावर भांडायला अंगात बळ तरी कुठे उरतं. आणि मनातून मलाही त्या कागदाचा आधार वाटत होता, नॉर्मल म्हणजे नॉर्मल.

रात्री मात्र ती दोन उशा भिंतीला लावून बसल्या बसल्याच झोपायची. आडवं झालं की कोंडतं म्हणायची. पंचावन्नाव्या वर्षी, दिवसभर पाटी आणि वर दोरी ओढून, बाई बसून झोपते आणि आम्ही सगळी काडीसारख्या पोराच्या हृदयाची काळजी करतोय. आता आठवलं की माझाच मला संताप येतो.

एकोच्या दिवशी तिघं कुडाळला गेलो. दवाखान्याच्या जिन्यात सुगंधा मध्येच बसली. डॉक्टर चारुता म्हणून एक बाई होत्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी बाबलीच्या छातीवर जेली लावून बराच वेळ पडद्यावर बघितलं आणि म्हणाल्या, "याचं हृदय उत्तम आहे. काही झालेलं नाही."

मी म्हटलं, "मग तो कागद?"

"कागदही बरोबर आहे. मशीन मोजतं ती हृदयातून कातडीपर्यंत पोचलेली वीज. हा सडपातळ, छातीवर मांस नाही, हृदय अगदी लागून आहे, त्यामुळे रेघा उंच येतात. त्यातून विशीतल्या मुलग्यांच्या रेघा उंच असतातच. याच रेघा पन्नाशीतल्या भरल्या अंगाच्या बाईच्या निघाल्या असत्या, तर मी घाबरले असते."

"आणि तशा बाईच्या रेघा बारीक आल्या तर?" मी विचारलं.

"मग त्यावर विसंबायचं नाही. मधल्या मांसाने वीज अडते; शेजारच्या घरातला रेडिओ भिंतीतून ऐकला की बारीकच येतो, तसं. आत तो केवढ्याने वाजतोय ते आपल्याला कुठे कळतं? जाड झालेलं हृदयसुद्धा अशा वेळी कागदावर साधं दिसू शकतं."

बाबली तोवर शर्ट घालून उड्या मारत व्हरांड्यात गेला होता. "महादूकाका, उद्या मी येतंय दोरयेक," असं तो फोनवर सांगत असलेलं आत ऐकू येत होतं. सुगंधा त्या आवाजाकडे कान लावून हसत होती. इतक्या दिवसांत तिचा चेहरा असा मोकळा झाला नव्हता.

डॉक्टरबाई तिच्या पायांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "आता तुम्ही या."

"माझा नॉर्मल आसा बाय. शिबिरात काढलेला."

"वैनी, ऊठ," मी म्हटलं. माझा आवाज असा लागला की ती मुकाट उठली.

तिला कुशीवर निजवायचं म्हटलं तरी धाप लागत होती, म्हणून पाठीला उशी देऊन तपासलं. पडदा मला काय कळणार, पण डॉक्टरबाईंचं तोंड मला दिसत होतं. सावकाश त्यांनी सांगितलं, की वर्षानुवर्षांच्या बीपीने हृदयाची भिंत जाड झालीय आणि आता ते थकलंय. औषधं आजपासून. दोरी बंद, पाटी बंद. हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, असंही त्या म्हणाल्या, माझ्याकडे बघून.

सुगंधा घाबरली नाही. पदराने छातीवरची जेली पुसत तिने विचारलं, "म्हणजे ती धाप जाडेपणाची नाय?"

"वजनाने त्रासात भर पडते. पण मूळ दुखणं हृदयाचं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यात तुमची काही चूक नाही."

पुसता पुसता तिचा हात थांबला. माझ्याकडे वळून तिने जे विचारलं, त्यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. चुली वेगळ्या, तिचं ताट मी कधी बघितलंच नव्हतं.

"दोन वर्षा झाली गो शर्मिला. रातचो बाबलीक भात वाढून मी नुसता पाणी पिऊन निजतंय. अंग उतरला तर धाप थांबात म्हणान." मग ती रडायला लागली. "मगे मी उपाशी कित्याक रवलंय?"