ताईच्या नागलीचा भाव

पगार झाल्यावर पंधरवडा उलटला की आमच्या घरात जे संवाद व्हायचे, ते दोघांनाही तोंडपाठ होते. मी विचारायचे, "गेले कुठे सगळे?" नवरा म्हणायचा, "मी खाल्ले का?" मी नर्स, तो पंचायतीच्या कचेरीत कारकून. जव्हारात भाड्याच्या दोन खोल्या, शाळेत जाणारी एक मुलगी. कुणाचं देणं नाही, कुणाला व्यसन नाही, आणि तरी मुलीच्या सहलीचे पैसे भरायची वेळ आली की स्वयंपाकघरातले डबे उपसायची पाळी. मी तापट आहे. नवरा थंड आहे, आणि त्याच्या त्या थंडपणानं मी आणखी तापते.

शेवटी त्यानं कचेरीतल्या कुणाचं तरी ऐकून मोबाईलवर हिशेबाचं ॲप घ्यायचं काढलं. आमच्याकडे रेंज खिडकीपाशीच येते. तेव्हा एका रविवारी दुपारी दोघं खिडकीत डोकं घालून बसलो, मुलगी बघायला जावं तसे. हे दाखव, ते दाखव, याचं नाक बरं नाही.

पहिलं ॲप मोठं हुशार होतं. बँकेचे मेसेज आपले आपण वाचायचं आणि खर्च मांडायचं. पण आमचा निम्मा खर्च रोखीचा. जीपवाला, भाजीवाली, दळणवाला. त्या ॲपच्या हिशेबानं आम्ही महिन्यातून चारदा एटीएममधून पैसे काढत होतो आणि बाकीचे दिवस हवेवर जगत होतो. दुसरं हिंदी बोलणारं. काही लिहिलं की शाबासकी द्यायचं आणि लगेच खाली कर्जाची जाहिरात दाखवायचं. काटकसर शिकवायला आणलेला माणूस दुसऱ्या दिवशी उधारीचं दुकान दाखवायला लागला, तर त्याला घरात कोण ठेवील? मी ते त्याच संध्याकाळी काढून टाकलं.

तिसरं मराठीत होतं, फुकट होतं आणि दोघांच्या फोनवर एकच हिशेब दिसत होता. ते पसंत पडलं. त्यात खर्चाचे रकाने आधीच पाडलेले होते. जिम, पाळीव प्राणी, बाहेरचं जेवण. नवरा म्हणाला, "पाळीव प्राण्यांत मला टाक." मी म्हणाले, "तू पाळीव कुठला, तू तर आवाज दिला तरी हलत नाहीस." पण रकाने आपल्या मनाप्रमाणे बदलता येत होते, आणि तिथे नवऱ्यातला कारकून जागा झाला. तो आनंदानं हेड पाडत बसला. किराणा, भाडं, गॅस, शाळा, औषधं, मोबाईल. प्रत्येकाला वेगळा रंग. लग्न झाल्यापासून आम्ही दोघांनी मिळून इतक्या खुशीनं काही केलं नव्हतं, हे आज आठवलं तरी बरं वाटतं आणि मग वाईटही वाटतं.

शेवटी त्यानं विचारलं, "ताई आल्या की त्यांना देतो ते कुठल्या हेडला टाकायचं?"

मी म्हणाले, "पाहुणे कर." आणि त्यानं 'पाहुणे' केलं. नारिंगी रंग दिला.

ताई पाहुणी नाही. ती माझी मोठी बहीण. सूर्यमाळच्या खालच्या अंगाला आमचा पाडा, तिथेच तिचं सासर आणि तिथेच माझं माहेर. आई गेली तेव्हा मला नीट केसही विंचरता येत नव्हते. ताईनं मला वाढवलं, आश्रमशाळेत घातलं, सुटीत मी घरी आले की पहिली भाकर मला वाढली. ती स्वतः शाळेत गेली नाही. माझ्या नर्सिंगच्या कॉलेजात तिनं ज्या कागदावर सही म्हणून अंगठा दिला, तो मी अजून जपून ठेवलाय.

ती आमच्याकडे यायची ती आधी जीपनं खोडाळ्याला आणि तिथून एसटीनं. उन्हाळ्यात जास्त यायची, कारण पाड्यावरची विहीर आटली की प्यायला पुरवून पुरवून पाणी वापरायचं, धुण्याचं नावच नको. मग घरातल्या गोधड्या नि कपडे बोचक्यात बांधून ती जव्हारला. आमच्या मोरीत दिवसभर आपटाआपट चालायची. संध्याकाळी केसांवरून आंघोळ करून पायरीवर बसायची तेव्हा तिच्या तोंडावर असं समाधान असायचं की बघत राहावं.

आणि दरवेळी हातात फडक्याची एक गाठोडी. नागली, म्हणजे नाचणी, कधी उडीद, कधी लाल तांदूळ, पावसाच्या तोंडावर शेवळं ही रानभाजी. ती गाठोडी ती आल्या आल्या चुलीच्या म्हणजे आता गॅसच्या कट्ट्याखाली सरकवून ठेवायची आणि तिच्याबद्दल एक अक्षर बोलायची नाही. आमच्यात तसंच आहे. आणलेलं दाखवायचं नाही, घेणाऱ्यानं ते समोर सोडायचं नाही, किती आहे विचारायचं तर नाहीच. फक्त जाताना ते फडकं रिकामं परत करायचं नाही. त्यात साखर, चहाची पूड, साबण, आणि कोपऱ्याला गाठ मारून गाडीभाडं. तीही ते बघायची नाही. गाठोडी काखेत मारायची आणि "येते गं" म्हणायची. हे असं आई होती तेव्हापासून चालू होतं. आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

पहिला महिना संपला आणि ॲपनं एक गोल काढून दाखवला, भाकरीएवढा. त्याचे रंगीत तुकडे. उन्हाळ्याचे दिवस होते, ताई तीनदा येऊन गेली होती. नारिंगी तुकडा औषधांपेक्षा मोठा होता, मुलीच्या शाळेपेक्षाही मोठा. नवरा वाईट नाही. तो इतकंच म्हणाला, "पाहुण्यांचं जरा जास्त दिसतंय."

झालं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "तिनं आणलेलं दिसत नाही का तुझ्या त्या गोलात? वर्षभर भाकरी कुठल्या पिठाची खातोस?"

तो म्हणाला, "ते कुठं लिहिणार? ते काय पैसे आहेत?"

"मग करते पैसे," मी म्हणाले.

आता वाटतं, त्या वेळी कुणी दार वाजवलं असतं, दवाखान्यातून फोन आला असता, दूध उतू गेलं असतं, तर बरं झालं असतं. काहीच झालं नाही. मी दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून येताना धान्याच्या दुकानात शिरले, नागलीचा भाव विचारला, उडदाचा विचारला. शेवळांचा भाव रस्त्यावर बसलेल्या बाईला विचारला. घरी येऊन 'ताईकडून आवक' असा नवीन रकाना केला आणि गेल्या पावसाळ्यापासून तिनं जे जे आणलं होतं आणि आम्ही जे जे दिलं होतं ते आठवून आठवून टाकलं. गाठोडी सोडल्यावर मीच डब्यात भरत असे, त्यामुळे अंदाज चुकायचा नाही. सगळं भरून झाल्यावर ॲपनं बेरीज दिली. आम्ही ताईला जे दिलं त्यापेक्षा ताईनं आम्हाला दिलेलं जास्त भरलं. बरंच जास्त.

मी मोबाईल नवऱ्याच्या ताटासमोर ठेवला. तो बघत राहिला आणि म्हणाला, "चुकलंच माझं." त्यानं असं म्हणण्याचा योग वर्षातून एखादाच. मी भांडण जिंकले होते, आणि तेही ताईच्या बाजूनं. त्या खुशीत मी चार दिवस होते.

म्हणूनच पुढच्या वेळी ताई आली तेव्हा मला राहवलं नाही. तिचं धुणं झालं होतं, कपडे दोरीवर होते, ती चहा पीत होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "ताई, बघ, तू आम्हाला किती दिलंस ते. आम्ही देतो त्यापेक्षा तुझंच जास्त आहे." आणि तिला वाचून दाखवलं. नागली इतकी, इतक्याची. उडीद इतके, इतक्याचे. मला वाटलं, तिची छाती फुगेल. आयुष्यभर हिला कुणी म्हटलं नाही की तू देणारी आहेस, आपण म्हणतोय.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ह्यो भाव कुनी लावला?"

"मीच. बाजारात विचारून."

"बरा केलास," ती म्हणाली. मग दोरीवरच्या कपड्यांकडे बघून म्हणाली, "पानी पन लिवला का?"

मी हसले. "पाण्याला कुठं पैसे पडतात गं!" मला तो विनोद वाटला. तीही हसली. जाताना तिनं फडकं काखेत मारलं, "येते गं" म्हणाली, आणि मला काहीच कळलं नाही. रोज माणसांच्या नाड्या बघणारी मी, मला बहिणीच्या तोंडावरचं कळलं नाही.

पावसाळाभर ती आली नाही. शेतीची कामं असतात, मी म्हटलं. दिवाळी झाली, नागली झोडून झाली असेल, आता येईल म्हणून मी डबा घासून उन्हात ठेवला. ती आली एका दुपारी. हातात गाठोडी नव्हती, खोडाळ्याच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी होती. आत आली ती कट्ट्याकडे गेलीच नाही. खुर्चीवर बसली. आमच्या घरात ती खुर्चीवर बसल्याचं मला आठवत नाही. पिशवीतून तिनं रुमालात गुंडाळलेल्या नोटा काढल्या आणि माझ्या हातात दिल्या.

"काय हे?"

"नागली खोडाल्यालाच विकली," ती म्हणाली. "उगा ओझा कशाला आनायचा. तुला लिवायला सोपा." मग जरा खालच्या आवाजात, "बाय, शेटनं भाव कमी दिला. तुज्या मोबाईलात लिवलाय तेवढा नाय झाला. र्‍हायलेला पुढल्या टायमाला देईन."

भाव मी तिचा मान वाढवायला लावला होता. तिनं तो आकडा आपल्या अंगावर घेतला होता. इतक्याचं धान्य आपण या घरात द्यायला हवं, असा. चार महिने ती शेतात वाकली असेल, आणि दर कणसाला तिला माझा मोबाईल आठवला असेल. मला रडू आलं आणि राग आला, तिचाही आला. इतकी कशी गं तू साधी, असं ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. नोटा तिच्या पदरात टाकल्या, तिनं त्या परत टेबलावर ठेवल्या. मी पुन्हा उचलल्या. असं लहान मुलींसारखं चाललं, शेवटी नोटा टेबलावरच राहिल्या.

मग मला वाटलं, मुळावरच घाव घालावा. मी मोबाईल घेतला, तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "हे बघ ताई, तुझ्यासमोर काढून टाकते. हिशेब नको नि काही नको. संपलं." ॲपनं विचारलं, सगळी माहिती कायमची जाईल, नक्की का? मी तिच्या डोळ्यांदेखत हो म्हटलं. ते चौकोनी चित्र गेलं, मागे मुलीचा फोटो राहिला.

मला वाटलं, आता ती सैल होईल, खाली बसेल, चहा मागेल.

ती त्या फोटोकडेच बघत होती. "म्हंजे सगला गेला?"

"सगळं."

"मी दिलेला पन?"

मग ती म्हणाली, "पाड्यावर बायांना सांगलेला मी. माज्या बहिनीच्या मोबाईलात माजा सगला लिवलेला हाय म्हनून." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं, रागात मी कुणाला हार जात नाही. मग तिनं विचारलं, "तुजा बालंतपन केला मी, सवा महिना र्‍हायलू, तो होता का त्यात?"

खोटं बोलायला हवं होतं. होतं म्हणायला हवं होतं. काय लागत होतं मला? पुरावा तर नुकताच मी पुसला होता.

मी म्हणाले, "नाही गं."

"बरा," ती म्हणाली आणि चपला शोधायला लागली. मी एसटीपर्यंत गेले, खिडकीतून तिच्या हातात भाड्याचे पैसे कोंबले. तिनं ते मोजले, समोर, माझ्यासमोर, आणि म्हणाली, "एवढे नाय लागत," आणि वरचे परत केले.