आमचे मामा मुळात नाहीतच

माझ्या बायकोचे मामा हे अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यातले असे एकमेव गृहस्थ आहेत, की जे आपण अस्तित्वातच नाही हे चहाचा दुसरा कप मागता मागता तुम्हाला पटवून देतील. लांज्याच्या शाळेत त्यांनी हयातभर गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर आठव्या दिवशी, परसातल्या काजूखाली खुर्ची टाकून बसले असताना, त्यांच्या लक्षात आलं की 'मी' म्हणून जो कोणी आत बसलाय असं आपण समजतो, तिथे कोणीच नाही. बाकीची माणसं निवृत्तीनंतर भाजी आणायला लागतात किंवा सुनांच्या कामात लक्ष घालतात. मामांनी एकदम स्वतःलाच रद्द केलं. मामींना त्यांनी ही बातमी सांगितली तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "मग जेवायला एक पान कमी वाढते." त्या दिवशी मामा नेहमीपेक्षा दहा मिनिटं आधी पाटावर हजर होते.

हे ज्ञान त्यांना संसारात कितपत उपयोगी पडलं, याबद्दल आमच्या घरात दोन तट आहेत. मामींचं मत असं, की काडीचाही उपयोग नाही. आमटीत मीठ कमी पडलं की जो माणूस नाही तो पहिल्या घासाला ओरडतो. माकडं कलमांवर उतरली की "माझा हापूस! माझा हापूस!" करत काठी घेऊन धावतो. 'मी' नाही म्हणणाऱ्याचं 'माझं' मात्र शाबूत कसं, हे मामींनी विचारलं तेव्हा मामांनी दोन दिवस त्यावर विचार केला आणि तिसऱ्या दिवशी काठीला नवीन घुंगरू बांधलं. दाढ काढायची वेळ आली तेव्हा मी सोबत होतो. "दुखतंय ते दाढेला, मला नाय," असं त्यांनी डॉक्टरांना हसत हसत समजावलं. पुढच्याच मिनिटाला त्यांनी जी आरोळी ठोकली, तिने बाहेर बसलेले दोन पेशंट नंबर सोडून घरी गेले.

पेन्शनरांना दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. ओले काजूगर सोलून सोलून, चिकाने मामांच्या बोटांवरच्या रेघा पुसून गेल्यात. अंगठा लावायच्या यंत्राने तीनदा नकार दिला. खिडकीतली मुलगी संकोचून म्हणाली, "काका, तुम्ही जुळत नाही ओ." मामांचा चेहरा असा उजळला, की शाळेचा शंभर टक्के निकाल लागल्यावरही उजळला नसेल. "बघा! इतकी वर्षं मी घरी हेच सांगतोय, आमच्या मंडळींना पटत नाय!" ते तसेच विजयी मुद्रेने परत निघाले होते. मामींनी त्यांना दंडाला धरून वळवलं आणि डोळ्यांच्या यंत्रापुढे बसवलं. "असायचं-नसायचं ते घरी," त्या म्हणाल्या. "इथे डोळे उघडे ठेवा."

मीही मामींच्याच तटात होतो. मग माझ्या लेकीचं लग्न ठरलं.

आमच्याकडे लग्नपत्रिका पाहुण्यांपेक्षा भावकीच जास्त बारकाईने वाचते, आणि तीही फक्त निमंत्रकांची नावं. कोण कोणाच्या वर, कोण खाली. छापण्याआधी पत्रिकेचा नमुना मोबाइलवर आला, तेव्हा मी कडेची वेलबुट्टी बघत बसलो आणि 'छान' म्हणून कळवून टाकलं. छापून आल्यावर दिसलं, की आमच्या भावकीतला सर्वांत वडील, माझा चुलतभाऊ दादा, चौथ्या ओळीत गेलाय. मुंबईला असलेल्या त्याच्या धाकट्या भावाच्याही खाली. दादाने अक्षतांसकट पत्रिका परत पाठवली. निरोप एवढाच, "चौथ्या नंबरच्या माणसावाचून लग्नं अडत नाहीत."

मीही पेटलो. पाचशे कामांत झालेली एक चूक, तिच्यासाठी पाय का धरू? पण लेक जेवेना. तिच्या शाळेच्या काळात मी दहा वर्षं अलोऱ्याला नोकरीला होतो, फक्त शनिवारी घरी यायचो. तेव्हा तिला रोज स्कूटरवरून शाळेत नेणारा, पावसात स्वतः भिजून तिला रेनकोट घालणारा माणूस दादा होता. "बाबा, काका नसतील तर मी त्या मांडवात कशी उभी राहू?" ती म्हणाली. तरी मी हट्ट सोडला नाही.

मामा लांज्याहून आले. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "जावईबापू, लागलंय कुठे?"

"मामा, तुमचं तत्त्वज्ञान दाढेला पुरलं नाही, ते भावकीला काय पुरणार?" मी चिडून म्हणालो.

"खरंय," मामा म्हणाले. "दाढ आपली आपण दुखते, तिला मामा लागत नाय. पण पत्रिकेतली ओळ दुखायला आत कोणीतरी मोठा माणूस बसलेला लागतो. तुमच्यातला जो येणार नाय म्हणतोय त्याला इथेच राहू द्या. बाकीचे चला."

बाकीचा मी मिरजोळ्याला दादाच्या घरी गेलो. दादा ओटीवर बसला होता. मामांनी तोंड उघडताच तो कडाडला, "आमच्या भावकीत बोलणारे तुम्ही कोण?"

"कोणी नाय," मामा म्हणाले.

इतक्या साधेपणाने म्हणाले, की दादाला भांडायला समोर माणूसच उरला नाही. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, माझं चुकलं." दादाने तोंड फिरवलं. मग म्हणाला, "येईन. पण मागे बसेन."

आणि लग्नात तो खरंच मुद्दाम चौथ्या रांगेत बसला. मुहूर्त आला. भटजींनी हाक दिली, "मामा, मुलीला घेऊन या!" माझ्या बायकोला सख्खा भाऊ नाही, म्हणून हा मान आमच्या मामांचा. मामा उठले, सरळ चौथ्या रांगेत गेले आणि दादाला हात धरून उठवलं. "तिला तुम्ही शाळेत नेलीत. इथेही तुम्हीच आणा." दादा लेकीला घेऊन आला. दोघंही रडत होती, मीही रडत होतो. मामा कुठे होते, ते मी पाहिलंच नाही.

महिन्याने फोटोंचा अल्बम घेऊन आम्ही लांज्याला गेलो. मामा बागेत होते. मामींनी सगळी पानं उलटली. "एकाही फोटोत नाहीत," त्या म्हणाल्या. "चार महिने आधी कोट शिवून घेतला होता. रोज संध्याकाळी मला नवरी करून ओटीवरून देवघरापर्यंत चालवायचे. पाऊल चुकायला नको म्हणून."

मी बागेत गेलो. "मामींनी कोटाचं सांगितलं," एवढंच म्हणालो. ते कलमांकडे बघत म्हणाले, "वाईट वाटलं हो मला, थोडं." मग हसले. "पण दादा काय ऐटीत चालले!"