हिराआत्याचा वॉकर

आज मी जो काही आहे तो माझ्या हिराआत्यामुळे, आणि आमच्या गॅलरीच्या ग्रिलला जे काही चिकटलं आहे ते माझ्यामुळे.

आत्या पनवेलजवळच्या आपटा गावची. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिनेच मला वाढवलं. नदीकाठच्या तुकड्यात वांगी-मिरच्या लावायच्या, टोपली पनवेलच्या बाजारात न्यायची, असं करून तिने मला बी.कॉम. केलं. घराण्यातला पहिला पदवीधर! (पदवीने कामोठ्यात फ्लॅट दिला. अक्कल दिली नाही, हे पुढे कळेलच.)

म्हातारपणी ती अंगणात पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, पण ती खाटेवरून उठेना. मी मेडिकलमधून वॉकर नेला. तिने तोंड फिरवलं.

"दवाखान्याची वस्तू मना नको."

"मग माझ्याकडे चल."

"नाय. हितं कुठं धरायचं ते मना म्हाईत हाय. तुज्या घरान काय धरू?"

"आणि मी माझ्या हाताने वॉकर बनवून आणला तर?"

आजारपणात ती पहिल्यांदा हसली. "तू? आन तर खरा!"

झालं! मी मोबाइलवर वेल्डिंगचे व्हिडिओ बघू लागलो. जेवताना बघू लागलो. सुजाता, माझी बायको, म्हणाली, "अहो, खाली फॅब्रिकेशनवाला आहे की!"

"आत्याला माझ्या हातचा हवाय!"

पनवेलच्या दुकानदाराने विचारलं, "मशीन कशासाठी?"

"घरगुती. हौस म्हणून."

"मग हे छोटं घ्या. घरच्या लाइटवर चालतं."

"याहून स्वस्त?"

"याहून स्वस्त इस्त्री मिळेल."

मी तेच घेतलं. पातळ पाइपला बारीक रॉड घ्या, असं तो सांगत होता. मी जाड घेतले. जाड म्हणजे मजबूत! (हे मला कोणी शिकवलं नव्हतं. स्वतःच शिकलो.)

रविवारी सकाळी गॅलरीत पहिली ठिणगी उडाली आणि घरातली लाइट गेली. बटण वर केलं, पुन्हा ठिणगी, पुन्हा लाइट गुल. शेवटी सुजाताने फ्रिज, गिझर, पंखे सगळं बंद केलं आणि मशीन चाललं. चाललं म्हणजे काय, पाइपला भोकं पाडत सुटलं! भोक बुजवायला गेलो की मोठं भोक. ठिणग्या खालच्या काकूंच्या चादरीवर.

"अहो, चादर जळली माझी!"

"सॉरी काकू! आत्यासाठी चाललंय!"

"मग आत्याची चादर जाळा!"

कसाबसा उभा केलेला वॉकर हलत होता, म्हणून मी त्याची मूठ ग्रिलला टेकवून वेल्डिंगचा एक टाका मारला. तात्पुरता. नंतर तोडू म्हणून.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. "काढा हे!" म्हणत त्यांनी वॉकर दोन्ही हातांनी ओढला. एक पाय त्यांच्या हातात आला. दुसरा आला. तिसरा काकूंच्या कुंडीत पडला, चौथा आपला आपणच निखळला. मूठ मात्र ग्रिलला तशीच! त्यांनी पाय लावून ओढली. मी ओढली. हलेना. सगळ्या वॉकरमध्ये माझा एकच जोड पक्का बसला होता, तो नको तिथे.

आत्याला फोनवर ऐकू येत नसे, म्हणून पत्र पाठवलं. तिथल्या शेजारच्या वहिनींनी ते तिच्या कानाशी ओरडून वाचलं. खूप हसली म्हणे. "सांगा त्याला, गणपती झाले की येतंय."

गणपतीच्या आधीच ती गेली.

परवा ग्रिल रंगवणारा म्हणाला, "साहेब, हा तुकडा दोन मिनिटांत कापतो." मी म्हटलं, राहू दे. त्यालाही रंग लाव.

पत्र असं होतं:

ती. हिराआत्यास सा. न.,
वॉकर झाला, पण त्याचे पाय गळून पडले. मूठ शिल्लक आहे, ती आमच्या गॅलरीतून सुटत नाही. म्हणून ती तिकडे येऊ शकत नाही, तूच इकडे ये. तुझ्या अंगणातून दिसतो तसा इथूनही कर्नाळ्याचा सुळका दिसतो. तुझ्या घरात काय धरू, असं तू विचारलं होतंस ना? हे धर. बिनधास्त धर. तुझ्या भाच्याने केलेलं असलं तरी निघणार नाही, सेक्रेटरींनी पाय लावून ओढून पाहिलंय.