अस्वलाची दुरुस्ती

मधुभाऊ गेल्याचं मला साकोलीच्या बसस्टँडवर नागपूरच्या गाडीच्या कंडक्टरनं सांगितलं. मधुभाऊंच्या बातम्यांची पाकिटं इतकी वर्षं तोच दैनिकाच्या कचेरीत पोचवायचा. "मास्तर, आता पाकीट नाही येनार. मधुभाऊ गेले," म्हणाला, आणि घंटी मारायची विसरून तसाच उभा राहिला... त्याला महिना झाला. पण मधुभाऊ आठवले की मला अजून आधी हसूच येतं. त्याला कारण ते अस्वल.

आणीबाणीच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. लाखांदूरकडच्या एका गावाबाहेर, सकाळच्या धुक्यात, त्यांना धानाच्या बांधावर काळं धूड हलताना दिसलं. शेतात अस्वल शिरल्याची बातमी त्यांनी धाडून दिली, ती छापूनही आली. दोन दिवसांनी कळलं, ते घोंगडं पांघरून बसलेले सोमाजी नावाचे म्हातारे होते. तोवर गावातल्या बाया कापणीला जायच्या थांबल्या होत्या आणि पिकलेलं धान उभ्या उभ्या झडत होतं. दैनिकाला दुरुस्ती छापण्याची गरज वाटेना. मधुभाऊंना मात्र राहवेना. मी साकोलीच्या शाळेत चित्रकला शिकवायचो, माझ्याकडे येऊन म्हणाले, "मास्तर, चाला माह्यासंग. एकट्यानं जायची हिंमत नाही होऊन राहिली."

तिथल्या शाळेच्या पटांगणात गाव जमलं. मधुभाऊंनी हात जोडले. "बातमी माही चुकली. मी जवळ जाऊन पाह्यलंच नाही." आता मार बसणार म्हणून मी गुपचूप फाटकाकडे सरकलो. तेवढ्यात सोमाजी उठले. "मले अस्वल केलं तं केलं, पन नाव तं लिवा लागत होतं ना बाप्पा. पयल्यांदा पेपरात आलो, अन् कोनाले सांगताही येत नाही."

पोरं लोळून हसली. अस्वल कसं दिसलं ते पुन्हा सांगा, पुन्हा सांगा, म्हणून मधुभाऊंच्या मागे लागली. शेवटी मधुभाऊ सोमाजींचं घोंगडं पांघरून पटांगणभर रांगले. दुसऱ्या दिवशी बाया विळे घेऊन शेतात होत्या.

परतीच्या एसटीत त्यांनी गोष्ट लिहिली, चित्रं मी काढली. ते त्यांचं पहिलं चित्रपुस्तक. पुढे बरीच झाली, पण मला घरी बसून चित्र काढू दिलं नाही कधी. बगळ्याचा पाय कसा वाकतो ते पाहायला तलावावर पिटाळायचे.

गेल्या आठवड्यात मी त्या गावी गेलो. सोमाजीही आता नाहीत. त्यांच्या घरात, भिंतीवर, आमच्या पुस्तकाचं शेवटचं पान, घोंगड्यातल्या सोमाजींचं, चौकटीत लावलंय, वर झेंडूचा हार. "मामाजीचा फोटो कधी काढलाच नोहोता," त्यांची सून म्हणाली. त्या पानाच्या कोपऱ्यात मी तेव्हा, न विचारता, मधुभाऊंनाही काढून ठेवलं होतं : झोळीवाले, ओशाळलेले. ते गेल्याचं मी तिला सांगितलं. तिनं हार सरकवून त्याचं टोक कोपऱ्यापर्यंत आणलं.

"उद्यापासून मोठा करत जाईन," ती म्हणाली.