आईचं वाचन आणि माझी पीडीएफ

आमच्या घरात कॉम्प्युटरमधलं सगळं मला कळतं, असं मानायची पद्धत आहे. ही पद्धत मी सुरू केली नाही. पण बंदही पाडली नाही. (ऑफिसात प्रिंटर अडला की लोक मला हाक मारतात. मी तो बंद करून पुन्हा चालू करतो. एवढ्यावर माझं नाव झालंय!)

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, मीरा रोडच्या आमच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. ज्याची पाळी, त्याने वाचायचं आणि खीरही त्याच्याच घरून न्यायची. आईने इतकी वर्षं इमानेइतबारे दुसऱ्यांचं वाचन ऐकलं आणि खीर केली. यंदा मात्र शनिवार-रविवार तिने स्वतः वाचायला घेतले होते, आयुष्यात पहिल्यांदा. आणि नेमकी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही ग्रंथातली बारीक अक्षरं तिला लागेनात.

"विहारातल्या कांबळेंना सांगते, दुसऱ्या कुणाला तरी बसवा," आई म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

"अजिबात सांगायचं नाही! मी ग्रंथाची पीडीएफ करून टॅबवर टाकतोय. अक्षर हवं तेवढं मोठं कर!"

"तुला नक्की जमतंय ना?" सुजाताने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं. अशा प्रश्नांना मी उत्तर देत नसतो.

मी ग्रंथ जेवणाच्या टेबलावर ठेवून मोबाइलने एकेक पान स्कॅन करायला घेतलं. डावं पान झकास यायचं. उजव्या पानावर माझ्याच डोक्याची सावली पडायची. मग मी शक्कल लढवली. डावं पान झालं की पुस्तक गर्रकन फिरवायचं आणि मग उजवं पान काढायचं! सावली गायब! माझ्या बुद्धीचं मलाच कौतुक वाटलं.

मग फाइल टॅबवर न्यायची होती. ईमेल म्हणालं, फाइल फार मोठी आहे. केबल लावली, तर टॅब नुसता चार्ज होत राहिला. शेवटी केबिन रोडवरच्या दुकानातून नवी केबल आणली. ("साहब, ये तो बच्चा भी कर लेता है," दुकानदार म्हणाला. मी हसलो नाही.) फाइल टॅबवर उतरली. मी पहिलं पान उघडून बघितलं. सुरेख! बाकीची कशाला बघायची?

शनिवारी आई पांढरं शुभ्र लुगडं नेसून विहारात बसली. समोर अख्खा विहार भरलेला. मी तांत्रिक सल्लागार म्हणून तिच्या मागे. पहिलं पान तिने खणखणीत वाचलं. मग बोटाने पान सरकवलं. दुसरं, म्हणजे मी पुस्तक फिरवून काढलेलं पान, खाली डोकं वर पाय!

आईने टॅब फिरवला. टॅब हुशार! त्याने पानही फिरवलं. पुन्हा उलटं. तिने परत फिरवला. पान परत फिरलं!

"आई, थांब, थांब," मी मागून कुजबुजलो. ते फिरणं बंद करायचं बटण कुठंतरी असतं, हे मला माहीत होतं. कुठं, ते आठवेना. घाबरून मी भलतंच काही दाबलं आणि टॅबने फोटो काढला. माझाच!

"ताई, काही अडचण?" कांबळेकाकांनी विचारलं. विहाराच्या वाचनाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे.

"काही नाही," आई म्हणाली. तिने माझा हात बाजूला सारला, टॅब होता तसाच समोर ठेवला आणि वाचायला लागली.

उलटं पान! सुलट वाचावं तसं, कुठेही न अडखळता! पुढचं सुलट, त्यापुढचं उलटं, आई आपली वाचतेय. ऐकणाऱ्यांना पत्ताही नाही. मी मागे तोंड उघडं टाकून बसलो होतो.

परतताना रिक्षात मी विचारलं, "आई, हे तू शिकलीस कधी?"

"अरे, गावाला आम्हा भावंडांत पुस्तक एकच. दादाच्या मांडीवर पुस्तक असायचं, मी समोर बसायचे. त्याला सुलट, मला उलट. शाळेत बाईंनी माझ्या हातात सरळ पुस्तक दिलं, तर मला वाचताच येईना!" ती हसत सुटली. मला हसता येईना. या बाईचा मला इतका अभिमान वाटला, की मी रिक्षातच तिचा हात धरून बसलो.

पण रविवारी तिला असा त्रास होऊ द्यायचा नाही, हे मी ठरवलं. सकाळी कॉम्प्युटरवर फाइल उघडली, उलटं पान शोधलं आणि फिरवायचं बटण दाबलं. पान सरळ! फाइल टॅबवर टाकली आणि निश्चिंत मनाने जेवलो.

बटण सगळी पानं फिरवणारं होतं, हे संध्याकाळी विहारात कळलं. काल उलटी होती ती पानं सुलट आणि सुलट होती ती उलटी. आईने एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि वाचायला सुरुवात केली. त्या दिवशी तर ती आणखी छान वाचली.

खीर खाताना कांबळेकाका भारावून म्हणाले, "ताई, तुमचं ऐकून आणखी चौघींनी वाचायला नावं दिलीत! त्यांनापण तुमच्या मुलाने केलेली पीडीएफ पाहिजे."

"देईल की," आई म्हणाली. "फक्त थोडे दिवस थांबा. आधी मी त्यांना उलटं वाचायला शिकवते."